टिबुकलीची पाच अंडी

किश्शांचं आणि वाडीतल्या तणाचं सारखंच असतं. एक उपटावा तर त्याच्या मुळाला धरून आणखी चार वर येतात! आमच्या पक्षीमंडळाचे किस्से मी गेली कितीतरी वर्षं लग्नात, बाप्तिस्म्याला, अगदी मयताच्या जेवणातसुद्धा सांगत आलोय. "आंतोन, तो रोहित पक्ष्याचा सांग," अशी फर्माईश होते आणि मी सुरू होतो. लोक हसतात. मीही हसतो.

पण खरं सांगू का, त्यातला एकही किस्सा आम्हाला शोभणारा नाही. आणि एक तर मी आजवर कुठेच सांगितलेला नाही. बाकीचे सगळे मी इतक्या मोठ्याने सांगतो, ते बहुतेक तो एक सांगावा लागू नये म्हणूनच. आज सांगणार आहे. पण मला ओळीने येऊ द्या. एकदम तिथे जायची माझी हिंमत नाही.

* * *

पक्षीमंडळ म्हणजे आम्ही चौघे. नाव मोठं, माणसं चार!

लोपीस सर आमचे प्रमुख. पापडीच्या शाळेत त्यांनी मला आणि पेद्रूला शिकवलं होतं. पेद्रू माझा शेजारी, केळी आणि पानवेलींचा बागायतदार. वसंता जूचंद्रचा, मिठागरावर कामाला. आणि मी, पहाटे वाडीत खुरपं चालवून नंतर मुंबईच्या ऑफिसात फायली चालवणारा. चौऱ्याहत्तर-पंच्याहत्तरची गोष्ट असेल. सरांनी आम्हाला बोलावलं आणि म्हणाले, "रविवारचे पत्ते पुरे झाले. महिन्यातून एकदा माझ्याबरोबर यायचं."

तुंगारेश्वरच्या डोंगराच्या पायथ्याशी एक तलाव आहे. एका बाजूला बांध, तीन बाजूंना रान. शनिवारी दुपारी सायकली काढायच्या, बांधाखाली शाळेचा स्काऊटचा तंबू ठोकायचा, रविवारी सकाळी रानातल्या पायवाटा तुडवायच्या, पक्षी बघायचे, नोंदवहीत लिहायचे आणि चर्चमधल्या संध्याकाळच्या मिस्सेला परत पोचायचं, असा सरांचा बेत.

बेत छान होता. अडचण एकच. आमच्यातल्या कोणालाही कुजबुजता येत नव्हतं!

वाडीतल्या माणसाला कुजबुज येतच नाही हो. विहिरीवरून हाक मारली की तिसऱ्या वाडीतल्या माणसाने 'ओ' द्यायला हवी, ही आमची रीत. त्यात पेद्रूचा आवाज म्हणजे चर्चच्या घंटेनंतरचा दुसरा नंबर. पहिल्याच सकाळी आम्ही बांधावर पोटावर सरपटत गेलो. तलावात शे-दोनशे बदकं, बगळे, पाणकोंबड्या. सरांनी ओठांवर बोट ठेवलं. आणि पेद्रू भारावून जाऊन, त्याच्या मते अगदी हळू आवाजात म्हणाला, "आयला, केवढे हायत!"

समोरच्या डोंगरावरून 'हायत, हायत' असा आवाज परत आला. सगळा तलाव उडाला.

सरांनी शांतपणे नोंदवही उघडली. मंडळाची पहिली नोंद अजून माझ्याकडे आहे: 'पक्षी भरपूर. सर्व पाठमोरे.'

* * *

दुसरी अडचण सांगायला जास्त लाज वाटते. पक्षी आम्हाला ओळखता येत होते, पण चवीवरून!

माझ्या आणि पेद्रूच्या घरी वडिलांच्या वेळची ठासणीची बंदूक होती. लहानपणी पावसाळ्यात भातखाचरातून जे काही हाती लागे ते आमच्या आयांच्या मडक्यात जाई. त्यामुळे सर एखादा पक्षी दाखवून "हा कोण?" असं विचारू लागले, की पेद्रू विचारात पडल्यासारखा करी आणि म्हणे, "ही अडई. हिला व्हिनेगर लागतं, नाहीतर चिखलाचा वास येतो."

सरांनी नियम काढला. पक्ष्याचा रंग सांगायचा, चोच सांगायची, चाल सांगायची. रस्सा सांगायचा नाही.

एकदा सरांच्या ओळखीचे एक पक्षितज्ज्ञ मुंबईहून आले. हॅट, मोठी दुर्बीण, खिशात चार पेन्सिली. लव्हाळ्यात काहीतरी फडफडलं आणि दिसेनासं झालं. ते म्हणाले, "नीट दिसला नाही. पाणकोंबडी असावी."

"पाणकोंबडी नव्हे ती," पेद्रू म्हणाला. "फडफड हलकी होती. मांडीला मांस नाही तिच्या."

पाहुण्यांचे डोळे चमकले. "अच्छा! म्हणजे तुम्ही हे पक्षी हातात घेऊन पाहिले आहेत?"

"पाहिलेत ना," पेद्रू म्हणाला. "बरेचदा रविवारीच!"

पाहुण्यांनी ते आदराने लिहून घेतलं. सर बांधाच्या पलीकडच्या बाजूला उतरून उभे राहिले, ते पाहुणे जायच्या वेळेपर्यंत वर आले नाहीत.

* * *

सरांची एक खोड सगळ्या पापडीला ठाऊक होती. सोमवारी प्रार्थनेनंतर ते रांगेतून नखं तपासत जायचे. छडी नाही, आरडाओरडा नाही. फक्त हात हातात घ्यायचे, अंगठ्याने नखावरून हळूच पुसायचे आणि पुढे जायचे.

"तोंड काय वाट्टेल ते सांगतं," ते म्हणायचे. "नखांना ते जमत नाही."

एकदा मी तापाचं निमित्त सांगून तीन दिवस शाळा बुडवली होती. चौथ्या दिवशी सरांनी माझा हात पाहिला. केळीच्या चिकाचे काळे डाग नखांच्या कडेला तसेच होते. "तापात केळीचे घड उतरवलेस वाटतं?" एवढंच म्हणाले आणि पुढे गेले. मला मारलं असतं तर बरं झालं असतं.

तर ही तपासणी तलावावरही चालू राहिली. जेवणाआधी रांग! मी तिशीचा, पेद्रू पस्तिशीचा, वसंताला दोन पोरं. तरी तिघे हात पुढे करून उभे. वसंताच्या नखांतला मिठागराचा चिखल काही केल्या जात नसे. तो कळवळून म्हणायचा, "सर, ह्यो चिकल आता माज्यासंगटच पुरतील."

पेद्रूने युक्ती काढली. हात खिशातून काढायचेच नाहीत. "सर, मी आज चमच्याने जेवणार आहे."

"मग चमचा दाखव," सर म्हणाले.

* * *

आता रोहित पक्ष्याचा किस्सा. तो सांगतो तेव्हा लोक सगळ्यात जास्त हसतात, आणि तो आमच्या सगळ्यात वाईट सवयीचा किस्सा आहे.

ऐंशीच्या आसपास सरांची नजर जायला लागली. आधी आम्हाला वाटलं, वय झालं. मग ते बांधावरून चालताना कडेच्या दगडाला अडखळायला लागले. समोरचं दिसायचं, बाजूचं नाही. दुर्बीण डोळ्याला लावली की मात्र म्हणायचे, "यातून बरं दिसतं रे. मला आता सगळं जग दुर्बिणीएवढंच उरलंय."

मग आम्ही त्यांच्यासाठी पक्षी बघायला लागलो. तिघे तीन बाजूंना जायचो आणि परत येऊन सांगायचो. सर लिहायचे. आणि यादी लांबली की त्यांचा चेहरा असा काही फुलायचा, की आम्ही ती लांबवायला लागलो. मी चार बदकं बघितली तर नऊ सांगायचो. पेद्रू एका खंड्याचे तीन करायचा. सुरुवात दयेने झाली, पुढे चढाओढ लागली.

एका सकाळी वसंता रिकाम्या हाताने आला. त्याच्या आधी मी अकरा आणि पेद्रूने चौदा पक्षी सांगितले होते. वसंता घाबरला. मिठागरावर हिवाळ्यात येणारा, त्याच्या रोजच्या ओळखीचा पक्षी त्याच्या तोंडून निघून गेला.

"रोहित बगितला, सर. एक."

"कुठे?"

वसंताने तलावाकडे बघितलं. तलावावर चिटपाखरू नव्हतं. मग त्याने रानाकडे हात केला. "त्या झाडावर."

सरांनी पेन थांबवलं. रोहित म्हणजे दोन हात लांब पायांचा, उथळ पाण्यात उभा राहणारा पक्षी. जन्मात झाडावर बसत नाही. मी आणि पेद्रू जमिनीकडे बघत राहिलो.

"रोहित, आणि झाडावर?" सरांनी विचारलं.

"दमला असंल, सर!"

सरांनी खाली मान घालून लिहिलं: 'रोहित, एक. झाडावर. दमलेला.'

* * *

यानंतरचे किस्से मी सहसा सांगत नाही.

टिबुकली नावाचा पक्षी तुम्ही पाहिला असेल. बदकापेक्षा कितीतरी लहान, बिनशेपटीचा, तपकिरी. जरा चाहूल लागली की टुपकन बुडी मारतो आणि भलतीकडेच वर येतो. पेद्रूलाही त्याची चव माहीत नव्हती, कारण तो कधी कोणाच्या हाती लागलाच नाही.

सर पंचवीस वर्षं वर्गात टिबुकलीची गोष्ट सांगत आले होते. आईबापांचा मान राख, ही आज्ञा शिकवायची असली की ते टिबुकलीवर यायचे. पिल्लं लहान असताना टिबुकली त्यांना पाठीवर घेऊन पोहते. पिल्लं तिच्या पंखांखाली दडतात, फक्त डोकी बाहेर. मीही ती गोष्ट ऐकलीय. त्या वेळी सर दोन्ही हात पाठीमागे नेऊन वर्गातून पोहत पोहत जायचे.

एके वर्षी पुढच्या बाकावरच्या एका मुलीने विचारलं, "सर, तुम्ही कुठे पाहिलंत?"

सरांनी पाहिलंच नव्हतं! त्यांनी ते एका पुस्तकात वाचलं होतं. ते फळ्याकडे वळले आणि भूगोल सुरू केला.

हे आम्हाला बाईंनी सांगितलं. बाई म्हणजे सरांची बायको, त्याही शिक्षिका. त्यांनी मला आणि पेद्रूला घरी बोलावून घेतलं होतं. आदल्या दिवशी त्या सरांना मुंबईच्या डॉक्टरांकडे नेऊन आल्या होत्या. काचबिंदू होता. गेलेली नजर येणार नव्हती आणि उरलेली पुढच्या पावसाळ्यापर्यंत टिकली तर नशीब, असं डॉक्टर म्हणाले होते.

"डॉक्टरांकडून आल्यापासून एकच बोलतायत," बाई म्हणाल्या. "त्या पोरीला मी खोटं शिकवलं का, बघायला हवं. तुम्ही त्यांना तेवढी पिल्लं दाखवा. मग काय व्हायचं ते होवो."

पेद्रू खुर्चीवरून उठला आणि म्हणाला, "बाई, दाखवतोच. ही माझी जबाबदारी." पाच वाड्यांना ऐकू गेलं असेल.

* * *

आणि घरटं सापडलं! मारिया मातेचा सण झाला होता, पाऊस ओसरला होता, तलाव काठोकाठ. वसंताने ते शोधलं. बांधापासून दोनशे पावलांवर, लव्हाळ्याच्या कडेला, पाण्यावर तरंगणारा कुजक्या पाणगवताचा एक ढीग. दुर्बिणीतून टिबुकली त्यावर चढताना, उतरताना दिसत होती. सरांनी तिघांच्या पाठीवर थाप मारली. त्या दिवशी आम्ही नोंदवहीत एकही पक्षी खोटा सांगितला नाही.

पुढच्या शनिवारी पेद्रूने केळीचे चार बुंधे सायकलला बांधून आणले. लहानपणी आम्ही वाडीतल्या बावखलात, म्हणजे शिंपणाच्या तळ्यात, असल्याच बुंध्यांच्या तराफ्यावर तरंगायचो. रविवारी सकाळी तराफा पाण्यात सोडला. तिघांत वजनाने मी हलका, म्हणून मी बसलो.

सरांनी बजावलं, "बांबूने ढकल. हात पाण्यात घालू नकोस. घरट्याला हात लावायचा नाही. ढीग ओला आहे का आणि पक्षी जवळपास आहे का, एवढंच लांबून बघून ये. दहा मिनिटांत परत."

मी गेलो. टिबुकली बुडी मारून नाहीशी झाली. तराफा वाहत वाहत घरट्याला जवळजवळ टेकला. आणि मी बघितलं तर ढिगावर नुसता चिखलट, काळपट, कुजलेल्या शेवाळाचा थर. त्याच्या एका फटीतून काहीतरी पांढुरकं दिसत होतं.

आता माझं ऐका. मी जन्मभर पहाटे उठून केळीच्या आळ्यातलं तण काढत आलो. कुजकं पान दिसलं की हात आपोआप जातो, मला विचारतसुद्धा नाही. मला वाटलं, अरेरे, वाऱ्याने काय घाण आणून टाकली बिचारीच्या अंड्यांवर! गुदमरतील की आत! मी वाकलो आणि वाडीतलं आळं साफ करावं तसं ते सगळं शेवाळ दोन्ही हातांनी ओरबाडून बाजूला केलं. कडासुद्धा नीट केल्या. अंड्यांना बोट लावलं नाही, सरांचा शब्द पाळला. खाली पाच अंडी. मळकट पांढरी, एकमेकांना टेकलेली, उन्हात लखलखीत.

मला इतका आनंद झाला म्हणून सांगू! त्या आनंदाची आज जेवढी लाज वाटते तेवढी दुसऱ्या कशाचीही वाटत नाही.

बांधाशी आलो तेव्हा वर ओढून घ्यायला सरांनीच हात दिला. मी ओरडलो, "पाच आहेत, सर! पाच!"

"पाच?" सर म्हणाले.

माझा हात त्यांच्या हातात होता. क्षणभर त्यांनी तो तसाच धरला. मग सोडला आणि दुर्बीण मागितली. "आता कोणी हलायचं नाही. ती येईल. लगेच येईल," असं म्हणत ते बांधावर बसले.

आधी कावळे आले. एक आला, त्याने मान वाकडी करून पाहिलं, मग तीन आले. पेद्रूला राहवेना. तो उठला आणि त्याच्या वाडवडिलांनी दिलेला सगळा आवाज काढून ओरडला. कावळे उडाले. पण लव्हाळ्यापाशी वर आलेली टिबुकलीही घाबरून बुडाली. ती पुन्हा वर आली ती तलावाच्या दुसऱ्या टोकाला. कावळे परत आले. पाच मिनिटांत घरटं रिकामं झालं.

शेवटी वसंता म्हणाला, "सर, पन इतके दिस कावल्यांना कशी नाय दिसली ती?"

सर दुर्बीण पुसत होते. "टिबुकली उठताना अंड्यांवर ओलं शेवाळ ओढून घेते," ते म्हणाले. "वरून बघणाऱ्याला नुसता कचरा दिसतो. अंडी एकही दिसत नाही. आज तिला वेळ मिळाला नसेल."

माझ्या पायाखालचा बांध सरकला. सांगायचं तेव्हाच सांगायला हवं होतं. मी तोंड उघडलंही. तेवढ्यात पेद्रू रडायला लागला. एवढा दांडगा माणूस, मांडीवर मुठी आपटत म्हणत होता, "माझं मेल्याचं तोंड! मी ओरडलो म्हणून ती पळाली. मी बाईंना शब्द दिला होता."

आणि मी गप्प राहिलो. पेद्रू, तू हे वाचशील तेव्हा एवढं लक्षात ठेव, तुझ्या ओरडण्याने काही झालं नव्हतं. घरटं मी उघडं टाकलं होतं. आणि तू रडत होतास तेव्हा मी तुझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणालो होतो, "जाऊ दे, पेद्रू, होतं असं."

"पेद्रूचा दोष नाही," सर म्हणाले. नोंदवहीत त्यांनी लिहिलं: 'टिबुकलीची अंडी कावळ्यांनी नेली. पक्षिणीला झाकायला वेळ मिळाला नसावा.'

त्या दिवशी जेवणाआधी सरांनी नखं तपासली नाहीत. दुःखात विसरले असतील, असं मला वाटलं.

* * *

मी कुमसाराला गेलो. आमच्याकडे पापं कबूल करायला जातात त्याला कुमसार म्हणतात. नवे फादर होते, तरुण, बाहेरगावचे. जाळीच्या पलीकडे त्यांचा कान दिसत होता.

"फादर, मी एकीचं घर उघडं टाकलं."

"कोणाचं?"

"टिबुकलीचं."

"विवाहित आहे का ती?"

"जोडीदार आहे, फादर. दोघं पाळीपाळीने बसतात."

"कशावर?"

मग मला सगळंच सांगावं लागलं. सांगताना रडू आलं. फादरांनी हसू दाबलं असेल, असा मला संशय आहे. पण ते बोलले तेव्हा आवाज गंभीर होता.

"सरांना सांगितलंस? त्या मित्राला?"

"नाही, फादर."

"मग तीन नमो मारिया म्हण आणि सरांकडे जा. पापातून मी मोकळं करू शकतो. लाजेतून तेच करतील."

मी तीन म्हटल्या. आणखी तीन म्हटल्या. सरांच्या घराच्या फाटकापर्यंत चार वेळा गेलो. एकदा बाईंनी बघितलं आणि आत बोलावलं. मी म्हणालो, "केळी द्यायला आलो होतो." हात रिकामे होते!

"केळी कुठायत?" बाईंनी विचारलं.

"आणतो," म्हणालो आणि पळालो. मग खरंच एक घड नेऊन दिला. पुढे दर महिन्याला देत राहिलो. बाई सगळ्यांना सांगायच्या, "आंतोनसारखा विद्यार्थी मिळायला भाग्य लागतं." ते ऐकताना मला जमीन दुभंगली तर बरं असं व्हायचं.

पुढच्या पावसाळ्याच्या आधीच सरांची नजर गेली.

पेद्रूने तलावावर येणं सोडलं. वाडीतसुद्धा तो हळू बोलायला लागला. त्याची बायको म्हणायची, "याला कोणी दृष्ट लावली बाई, जेवायला वाढ म्हणाला तरी ऐकू येत नाही."

* * *

शेवटचं सांगतो आणि थांबतो.

चार वर्षांनी, असंच पाऊस ओसरल्यावर, सरांनी निरोप पाठवला, 'मला तलावावर न्या. चौघे जाऊ.' चौघे म्हणजे पेद्रूही आला. सायकलींचे दिवस संपले होते, रिक्षा केली. वाटेत सर विचारत होते, आता कुठे आलो, आता कुठे आलो, आणि वसंता सांगत होता. नव्या बिल्डिंगी लागल्या की तो सांगायचा, "हितं काय बगन्यासारकं नाय, सर."

सरांना हाताला धरून बांधावर नेलं. तीच जागा. ते मांडी घालून बसले. थोडा वेळ नुसतेच ऐकत राहिले.

"पेद्रू कुठे आहे?"

"इथेच आहे, सर," पेद्रू कुजबुजला. इतक्या वर्षांत त्याला कुजबुजायला यायला लागलं होतं.

"ओरड."

"काय सर?"

"ओरड म्हणतो ना! मोठ्याने ओरड. मला दिसत नाही रे बाबा, उडताना ऐकू तरी येऊ दे."

पेद्रू उभा राहिला. एकदा त्याचा आवाज फाटला. मग त्याने छाती भरून घेतली आणि अशी आरोळी दिली, की डोंगराने ती दोनदा परत दिली. सगळा तलाव उठला. पंखांचा तो आवाज डोक्यावरून गेला तेव्हा सर तोंड वर करून बसले होते.

"सर्व पाठमोरे!" सर म्हणाले आणि हसले. पेद्रू शर्टाच्या बाहीने डोळे पुसत होता.

तलाव रिकामा झाला. टिबुकली मात्र घाबरली की उडत नाही, बुडते. थोड्या वेळाने लव्हाळ्याच्या कडेला पाणी हललं आणि ती वर आली, आणि हळूहळू उघड्या पाण्यात सरकली. तिची पाठ जरा जास्तच फुगलेली वाटली. मी सरांची दुर्बीण डोळ्याला लावली. पंखांतून दोन डोकी बाहेर आली होती. पट्ट्यापट्ट्यांची, चिंचोक्याएवढी.

"सर," मी म्हणालो, "सर, पिल्लं. पाठीवर आहेत. दोन."

वसंता आणि पेद्रू नुसत्या डोळ्यांनी तिकडे बघत होते.

"झाडावर नाहीत ना?" सरांनी विचारलं.

"नाही, सर. शपथ. खरंच पाठीवर आहेत."

"हात दे इकडे," सर म्हणाले.

मी उजवा हात पुढे केला. त्यांनी तो हातात घेतला, सोमवारी प्रार्थनेनंतर घ्यायचे तसा. एकेका नखावरून अंगठा फिरवला. मग म्हणाले, "दुसरा." मी डावा दिला. त्याचीही पाचही नखं त्यांनी सावकाश, शेवटपर्यंत तपासली.

"आज शेवाळ नाही," सर म्हणाले. "मग असतील पिल्लं. नोंद कर!"